आठ वर्षांच्या पोराला कोणता स्पोर्ट्स गेम? उभ्याने खेळायचा की बसून?

गॅलरीतला_गोलकीपर:
टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रांपैकी निन्टेंडोचं स्विच घ्यायचं की सोनीचं प्लेस्टेशन, यावरून घरात दोन आठवडे धुसफूस चाललीय. माझं म्हणणं, खेळाचा गेम आहे तर अंग हललं पाहिजे. निन्टेंडोच्याच जुन्या 'वी' यंत्रावरच्या 2006 च्या 'वी स्पोर्ट्स'ने तेच केलं: रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा, बटणं पाठ करायची भानगड नाही. आजीसुद्धा बोलिंग खेळते. 2022 चा 'स्विच स्पोर्ट्स' त्याचाच धाकटा भाऊ, त्यात बॅडमिंटनही आहे. नुसती बटणंच दाबायची तर कॅरम काय वाईट?

ऑफसाइड_काका:
माझ्या भाच्याने तिसऱ्याच दिवशी शोध लावला की टेनिसला उभं राहावंच लागत नाही. साहेब सोफ्यावर आडवे, एक हात वेफर्सच्या पाकिटात, दुसऱ्या मनगटाला नुसता झटका. समोर त्याचे बाबा घामाघूम होऊन हरतायत! पडद्यावरचा खेळाडू आपला आपण पळतो, आपण फक्त रॅकेट फिरवायची. पायांशिवाय कसलं टेनिस? याउलट ईए एफसी, म्हणजे ईए कंपनीचा बटणांनी खेळायचा फुटबॉल गेम (आधीचा 'फिफा'), खेळून त्याला ऑफसाइड कळला. मॅच बघताना आता तोच मला सांगतो, "मामा, बचावपटूंची बॅकलाइन फार वर आलीय."

एडिसनची_मावशी:
काका, एफसीमधल्या अल्टिमेट टीमच्या पॅकबद्दल, म्हणजे संघासाठी खेळाडू मिळवायच्या बंद पाकिटांबद्दल, गप्प का? आत कोण निघणार ते पैसे मोजल्यावर कळतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये असल्या बंद पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 पासून ईएने तिथे फिफा पॉइंट्स (पॅक घ्यायचं गेममधलं चलन) विकणं बंद केलं. फिफाच्या वेष्टनावर मात्र युरोपात 'तीन वर्षांपुढच्यांसाठी'!

ऑफसाइड_काका:
मावशी, मुलाच्या खात्याला खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते. करिअर मोडमध्ये, म्हणजे एकट्याने संघ चालवायच्या प्रकारात, पॅक नसतातच. आपण पिन न टाकता खातं मोकळं सोडायचं आणि मग गेमला नावं ठेवायची, हे काही पटत नाही.

एडिसनची_मावशी:
मर्यादा शून्य ठेवता येते, हे किती आईबापांना माहीत असतं? तुम्हाला आहे, कारण तुम्ही स्वतःच खेळता. :)

वन_बीएचके:
तुम्हा सगळ्यांचे हॉल मोठे दिसतायत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्राच्या किनेक्टला रिमोटच नव्हता, कॅमेरा आपलं अंगच बघायचा. त्यासाठी साधारण सहा फूट मागे उभं राहायचं. आमच्या डोंबिवलीच्या घरात सहा फुटांवर ओटा. मी कुकरला टेकून भालाफेक केलीय. अडथळ्यांच्या शर्यतीत तिसरी उडी मारली आणि खालच्या काकू दारात हजर. चाळीत, फ्लॅटमध्ये बसून खेळायचा गेमच बरा. मुलाला पळायला खाली पार्किंग आहे.

गॅलरीतला_गोलकीपर:
जागेचा मुद्दा मान्य. तरी माझं मत स्विचलाच, कारण त्यावर आजी आणि नातू एकत्र खेळतात. एफसीचं बटणांचं पॅड आईच्या हातात दिलं तर ती ते टीव्हीचा रिमोट समजून बातम्या शोधेल. फक्त भाच्याची ती युक्ती इथे लिहायला नको होती, काका. लेकाने खांद्यावरून वाचली. काल दुकानात डेमोला त्याने आधी खुर्ची मागितली.