फुप्फुस बदललं, मग औषध श्वासातून का नाही?

शहापूरकर
थोरल्या भावाचं फुप्फुस प्रत्यारोपण होऊन तिसरं वर्ष चालू आहे. उद्यमबागच्या फौंड्रीत जन्म गेला त्याचा. फुप्फुस बरं चाललंय, पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसच्या गोळ्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) चढलं, साखर मागं लागली, हात असा थरथरतो की चहा बशीत सांडतो. दमेकऱ्याला स्टेरॉइड पंपातून देतात, ते अंगभर त्रास नको म्हणूनच की. मग रिजेक्शन, म्हणजे अंगानं नवं फुप्फुस नाकारणं, थांबवायचं औषध थेट फुप्फुसात का नाही? पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन या तसल्याच औषधाची वाफ देऊन बघितली, २००६ साली छापून आलं: औषधवाल्या २६ पैकी ३ गेले, नुसत्या वाफेच्या ३० पैकी १४. आणखी काय पुरावा पाहिजे?

निपाणीचा औषधवाला
अहो दादा, तोच पेपर पुढं वाचा की. तीव्र (अचानक उठणारं) रिजेक्शन कमी होतं का हे बघायला चाचणी होती. त्यात फरकच पडला नाही. जगण्यात पडला खरा, पण एकाच केंद्रात, मूठभर माणसांत. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं मंजुरी दिली नाही, आणि पुढं मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. शिवाय त्या लोकांच्या गोळ्या चालूच होत्या! वाफ वरून होती. भावाचं क्रिएटिनिन जिथल्या तिथंच राहणार.

शहापूरकर
गोळ्यांचं माझ्या ध्यानात नव्हतं, मान्य. पण डोस तरी उतरेल ना?

खानापूरची सिस्टर
कशाच्या भरवशावर उतरवायचा? फुप्फुसावर उठणाऱ्या पेशी लसिका गाठींत तयार होतात, तिथवर वाफेचा जोर पोचत नाही. जुनाट रिजेक्शनमध्ये बारीक श्वासनळ्या बुजतात. वाफ हवेच्या वाटेनं जाणार, आणि औषध हवं तिथंच हवा नाही! त्या जुन्या औषधातल्या प्रोपिलिन ग्लायकॉल या द्रवानं घसा एवढा चुरचुरायचा की आधी बधिर करणाऱ्या लिडोकेनची वाफ द्यावी लागे. पावसाळ्यात आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, नेब्युलायझर धुऊन वाळवणं तर वेगळंच. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला मळकं मशीन म्हणजे जंतूंना आवतण.

चिकोडीकर
मी शहापूरकरांकडून. द्रव वाईट होता म्हणून वाटच वाईट कशी? त्यासाठीच तर पुढं लायपोसोममधलं (चरबीच्या बारीक फुग्यांत भरलेलं) सायक्लोस्पोरिन आलं, टॅक्रोलिमसच्या कोरड्या भुकटीवर काम झालं. नळ्या बुजायच्या आधीच द्या की!

निपाणीचा औषधवाला
आधी म्हणजे कुणाला? कुणाच्या बुजणार हे आधी कुठं कळतंय.

शहापूरकर
पुढच्या महिन्यात बंगळूरला जाणार आहोत, तिथं विचारतोच.

खानापूरची सिस्टर
विचारा. तोवर गोळीची वेळ चुकवू नका. आणि लेव्हलचं, म्हणजे अंगात औषध किती ते बघायचं, रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी काढायला सांगा. आमच्या ओळखीत एकजण गोळी खाऊनच लॅबला गेला, चढलेला आकडा बघून घरभर धावपळ.