पोस्टात आरडी चालू, तरी दारात डेलीवाला. असं का होतं?

प्रश्न: बचतगट_पूर्वभाग
सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगार घरांबद्दल विचारतेय. पोस्टात 200 रुपयांची आरडी (दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची आवर्ती ठेव) 15 महिने चालू, म्हणजे 3,000 जमा. तरी दवाखान्यासाठी डेलीवाल्याकडून, म्हणजे रोज दारात येऊन वसुली करणाऱ्या सावकाराकडून, 10,000 उचलतात. हातात 9,000 येतात आणि रोज 100 प्रमाणे 100 दिवस भरायचे. 'यांना बचतीची सवयच नाही' असं सगळे म्हणतात. खरंच सवयीचा प्रश्न आहे का? बचत गटात नेमकं काय सांगावं?

उत्तर: हिशेबवही
सवय नाही म्हणता, मग 100 दिवस न चुकता 100 रुपये कोण भरतं? रोज वसुलीला कुणी दारात आलं की पैसे निघतात, कारण ते खर्च व्हायच्या आत उचलले जातात. डेलीवाल्याकडून माणूस कर्जासोबत ही शिस्तही विकत घेतो, आणि फार महागात घेतो.

किती महाग ते मांडून दाखवा. 1,000 रुपये व्याज 9,000 वर नाही पडत. मुद्दल रोज कमी होतं, त्यामुळे सरासरी साडेचार हजारच वापरायला मिळतात. साडेचार हजारांवर 100 दिवसांत 1,000 म्हणजे 22 टक्के, वर्षाचे 80 च्या घरात. 'हजाराला शंभर' ऐकून हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरं, टंचाईत डोकं जवळच्याच खर्चात अडकतं. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्ती तोडणीआधी, हात तंग असताना, चाचण्यांत कमी भरली आणि उसाचे पैसे आल्यावर सुधारली. माणूस तोच होता, फक्त खिसा बदलला होता. म्हणून निर्णय पैसे हातात असतानाच्या आठवड्यात घ्यायला लावा. विड्यांची छाट (खराब म्हणून नाकारलेल्या विड्या) जास्त निघाली किंवा माग बंद राहिला, त्या आठवड्यात उपदेश करून काही उपयोग नाही.

उत्तर: पासबुक_बघा
आरडी कधीही मोडता येते, हा गैरसमज आहे. ती 3 वर्षांच्या आत मोडताच येत नाही, त्यामुळे 'मोडली का नाही' हा दोष देऊ नका. मात्र खातं वर्षाचं झालं आणि 12 हप्ते भरलेले असले की जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याजाने. तुमच्या उदाहरणात 1,500 मिळतील. तेवढी उचल डेलीवरची कमी झाली तरी पुष्कळ. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

अडतं कुठे? पगार आठवड्याला, हप्ता महिन्याला. खातं 15 तारखेपर्यंत उघडलं असेल तर दर महिन्याला 15 च्या आत भरावं लागतं, आणि नेमका तो आठवडा कोरडा निघतो. चुकलेल्या हप्त्याला शेकडा 1 रुपया दंड, तो किरकोळ. पण 4 हप्ते चुकले की खातं बंद पडतं. ते पुन्हा चालू करायला फक्त 2 महिने मिळतात.

उपाय सोपा आहे. पगाराच्या दिवशीच 50 रुपये गटाच्या डब्यात टाका, चार आठवड्यांचे 200 झाले की पोस्टात भरा. दिवाळीचा बोनस आला की 6 हप्ते एकदम भरा. 200 च्या आरडीला 1,200 होतात, त्यावर 20 रुपये सूट मिळते, आणि पुढे जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत खर्च झाला तरी खातं तुटत नाही.

उत्तर: चाटी_गल्ली
आधी कर्ज फेडावं की आधी बचत करावी, यावर माझं मत ठाम आहे: आधी दीड-दोन हजार बाजूला, मग महागडं कर्ज फेडा. सगळं कर्जात ओतलं तर पुढच्या तापाला पुन्हा तोच डेलीवाला.

लिलावाची भिशी, म्हणजे जमा रक्कम जी सगळ्यांत कमी पैशांत घ्यायला तयार तिला मिळते ती, अडचणीतल्या बाईला महाग पडते. 20 जणींचे 500 म्हणजे 10,000, पण गरजू बाई ती 8,000 ला उचलते. सोडलेले 2,000 सगळ्यांत वाटले जातात, म्हणजे तिची गरज इतरांची कमाई होते. त्यापेक्षा गटातून महिना 2 टक्क्यांनी घ्यावं, व्याज गटातच राहतं.

प्रश्नकर्ती
डेलीवाले कोरा चेक मागतात. द्यावा का?

उत्तर: हिशेबवही
अजिबात नाही. सही केलेला कोरा स्टॅम्प पेपरही नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो. नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. रोजच्या भरण्याची वही सही घेऊन जपा, तक्रारीत तोच पुरावा.