चित्रपुस्तकं कशी निवडायची, कशी वाचून दाखवायची? (मुलं सव्वादोन आणि साडेचार वर्षांची, नाशिक)

पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी. धाकटी सव्वादोनची, मोठा साडेचारचा. चित्रपुस्तकांसाठी अडीच हजार रुपये बाजूला काढलेत. कॉलेज रोड आणि मेन रोडला चाळून आले, तर दोनच प्रकार हाती लागतात: एक तर चकचकीत इंग्रजी, नाहीतर शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेलं मराठी. नेमकं काय बघून घ्यायचं?

दुसरं, वाचायचं कसं? धाकटी मजकूर संपायच्या आत पान उलटते आणि कोपरे चावते. मोठ्याला रोज तेच पुस्तक लागतं आणि एक शब्द इकडचा तिकडे झालेला खपत नाही. रविवारी शेजारची सहा-सात मुलं येऊन बसतात, मागच्यांना चित्र दिसत नाही म्हणून भांडणं. सासूबाई कळवणकडच्या, अहिराणी बोलतात, वाचायला त्यांना वेळ लागतो. त्यांनाही यात घ्यायचंय.

पानोपानी
निवडीचं सांगते. पुस्तक हातात घेतलं की हाताने मजकूर झाकून नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. काय घडतंय याचा बराचसा अंदाज यायला हवा. मग उलट करा, चित्रं न बघता मजकूर वाचा. सगळं मजकुरातच कळलं आणि चित्राने काहीच भर घातली नाही, तर पुस्तक परत फडताळात. मजकूर म्हणतो ‘मनी कुठेच सापडेना’ आणि चित्रात पलंगाखालून मनीची शेपटी बाहेर आलेली, असं पुस्तक शोधा. वाचणाऱ्याच्या आधी मूल ओरडतं, ‘ही काय इथे!’ अक्षर न येणाऱ्या पोराला मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असण्याची संधी तिथेच मिळते.

मग दोन पानं दुकानातच मोठ्याने वाचा. लाजू नका. अनुवादित पुस्तकांची बरीचशी पोलखोल इथे होते. ‘त्याला त्याचा चेंडू मिळाला असल्यामुळे तो आनंदाने उड्या मारू लागला’ असलं वाक्य तोंडात अडकतं आणि तिसऱ्या रात्री तुम्हालाच ते पुस्तक नकोसं होतं. आवाजाचे शब्द तपासा. धप्प, टुणकन, सळसळ, डुबुक असे आपले शब्द असतील तर अनुवाद करणाऱ्याने कानाने काम केलंय असं समजा. ‘स्प्लॅश’ला देवनागरीत बसवलं असेल तर बाकीचा मजकूरही तसाच असतो.

मजकूर किती हवा? सव्वादोनच्या मुलीला समोरासमोरच्या दोन पानांत मिळून एक ओळ, फार तर दोन. साडेचारच्याला तीन-चार ओळी झेपतात, गोष्ट ओढ लावणारी असेल तर जास्तही. ही पुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचा होतो. धाकटीला १६ पुरेत.

बांधणी: चावणाऱ्या मुलीला जाड पुठ्ठ्याचीच पानं, कोपरे गोल केलेले. मधलं पान पूर्ण उघडून घडीवर बघा. पांढरी चीर दिसली तर महिन्याभरात पान हातात येईल. पातळ पुस्तकांना मध्यावर दोन पिना असतात, त्यांच्यावरून बोट फिरवा. टोक वर आलेलं असेल तर दुसरी प्रत मागा. आणि बटण दाबलं की वाजणारी पुस्तकं घेतलीत तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते बघा. बटण सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसतं खटक्याचं झाकण असेल तर ते पुस्तक घरात नको.

मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या याद्या बघा. शेवटच्या दोघांची पातळ पुस्तकं स्वस्त पडतात. अडीच हजारांत पुठ्ठ्याची तीन, पातळ दहा-बारा, आणि उरलेले पैसे शालिमारच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वर्गणीत घाला. हे वाचनालय (लोक त्याला सावाना म्हणतात) १८४० पासून आहे, पण पुस्तक काउंटरवरून मागू नका, मुलांच्या कपाटापाशी जाऊन स्वतः चाळा. ‘लहान मुलांचं द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी आठवीच्या मुलाचं हातात पडतं.

उंबरठा
तात्पर्यवाल्या पुस्तकांना सरसकट बाद करू नका. गोष्ट आणि चित्रं चांगली असतील तर शेवटची ती ओळ वाचायचीच नाही, झालं. मोठा हट्टाने शब्द धरून बसतो म्हणताय, तर पहिल्या दिवसापासूनच ती ओळ गाळा, म्हणजे त्याच्या लेखी ती नाहीच.

मी खरं हात लावणार नाही ते ‘फळे’, ‘प्राणी’, ‘वाहने’ छापाच्या पाटीवजा पुस्तकांना. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कापून चिकटवलेले फोटो, मुंगी हत्तीएवढी, आवळा आणि लिंबू ओळखू येऊ नयेत असे. मूल नाव पाठ करतं आणि पान संपतं. त्यापेक्षा बाजाराचं एकच भरगच्च चित्र असलेलं पुस्तक घ्या. त्यात भाजीवाली, तराजू, टोपलीतून पडलेला कांदा, त्या कांद्यामागे धावणारं कुत्रं. एका चित्रावर चार दिवस जातात.

सतरंजी
@उंबरठा, पाटीवजा पुस्तकं दीड वर्षाच्या आतल्यांना चालतात हो. बोट ठेवून ‘भूभू’ म्हणण्यातच त्यांचा सगळा आनंद असतो. सव्वादोनला मात्र तुमचं बरोबर.

आता वाचण्याबद्दल. धाकटी पान उलटते तर उलटू द्या. ती पानं उलटणं शिकतेय, तेही वाचनातलंच काम आहे. तिच्या वेगाला मजकूर बसत नसेल तर छापलेली ओळ सोडा आणि त्या पानावर एकच वाक्य बोला: ‘अरे, पाऊस आला.’ गोष्ट पूर्ण झालीच पाहिजे हा हट्ट मोठ्यांचा. चार-पाच मिनिटांत उठून गेली तर पुस्तक बंद, मागून हाका नकोत.

मोठ्याचं ‘तेच पुस्तक’ ही तक्रार मानूच नका. पुढचं माहीत असल्यामुळे त्याला चित्रात नवं काही शोधायला डोकं मोकळं मिळतं. शब्द पकडून ठेवलेत ना त्याने? मग वाक्याचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडून थांबा. तो भरेल.

प्रश्न विचारण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण गडबड इथेच होते. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना नुसतं वाचून दाखवण्याऐवजी मुलाला बोलतं करायला शिकवलं. महिन्याभरात त्या मुलांची भाषा नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेलेली आढळली. करायचं असं: चित्राकडे बोट करून काहीतरी विचारा, मूल जे बोलेल ते मान्य करा, त्यात दोन शब्दांची भर घाला, आणि जमलं तर ते त्याच्याकडून परत येऊ द्या. मूल म्हणालं ‘भूभू’. तुम्ही म्हणायचं, ‘हो, काळा भूभू, खाटेखाली लपलाय.’ पुढच्या वेळी ते स्वतः ‘काळा भूभू’ म्हणतं.

विचारल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. हे दिसतं सोपं, पण आपण दुसऱ्या आकड्यालाच उत्तर सांगून मोकळे होतो. सव्वादोनच्या मुलीला ‘काय’ आणि ‘कुठे’ पुरे. साडेचारच्याला ‘आता काय होईल?’, ‘हा असा का बसलाय?’ दोन-तीन पानांमागे एक प्रश्न. प्रत्येक पानावर ‘हा कुठला रंग? किती बदकं?’ सुरू केलंत की त्याची तोंडी परीक्षा होते आणि मुलं परीक्षेतून पळ काढतात. वाचताना शब्दाखाली बोट फिरवायची घाई नको. साडेचारच्याला अधूनमधून चालेल, धाकटीचं बोट चित्रावरच राहू दे.

रविवारच्या घोळक्याचं: वीतभर आकाराचं पुस्तक पाच-सहा मुलांपलीकडे दिसत नाही, त्यामुळे आठजण असतील तर त्यातल्या त्यात मोठं पुस्तक निवडा. मुलं सतरंजीवर, तुम्ही बुटक्या स्टुलावर. खुर्चीवर बसलात तर पुढच्यांच्या माना वाकड्या होतात. खिडकी मुलांच्या पाठीमागे हवी. ती तुमच्या पाठीमागे असली की उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि पान काळं दिसतं. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, म्हणून पुस्तकाची वरची कड किंचित पुढे झुकवा. पुस्तक खालून मध्यावर धरायचं, खांद्याच्या बाजूला, आणि दुसऱ्या हाताने वरचा कोपरा पकडून उलटायचं, म्हणजे मनगट चित्रावर येत नाही. प्रत्येक जोडपान (समोरासमोरची दोन पानं) डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा, मगच वाचा. फिरवताना बोलू नका. हे सगळं जमायला मजकूर आधी जवळपास पाठ लागतो, म्हणून आदल्या रात्री दोनदा वाचून ठेवा.

पाथर्डीफाटा
मनापासून आभार. अजून एक. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं मोफत दिसतात. ती छापून धाकटीसाठी जाड पानांची करता येतील का? तिथली ‘पातळी’ कशी धरायची?

खळ_आणि_कात्री
येतात. स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्सचं, २०१५ पासूनचं. तिथली पुस्तकं मुक्त परवान्याची असल्याने छापायला हरकत नाही, फक्त लेखक-चित्रकार आणि परवान्याचं पान फेकू नका. इतर प्रकाशकांच्या पुस्तकांची झेरॉक्स मारून हे करायचं नाही, हेही सांगून ठेवतो. पातळी १ ते ४ ही मूल स्वतः वाचणार असं धरून असते. तुम्ही वाचून दाखवणार, तेव्हा मोठ्याला २ काय, ३ सुद्धा चालेल. धाकटीला १.

तिथली पानं बहुतेक आडवी असतात. त्यामुळे नेहमीची पुस्तिका-घडी घातली तर चित्र चिमुकलं होतं आणि खालीवर पांढरी जागा राहते. त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं, खालून वर उघडणारं करा. उभ्या ए-फोर कार्डशीटवर एकाखाली एक अशी दोन पानं, कागदाच्या एकाच बाजूला. जाडी २५० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). ३०० च्या वर गेलात तर घडीवर तुटतं, १३० चा आर्ट पेपर लाळेला टिकत नाही. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंटच मागा, इंकजेटची शाई ओल्या बोटाला लागते.

मुखपृष्ठ सोडून दुसऱ्या पानापासून छापायला सांगा. का, ते पुढे कळेल. प्रत्येक कार्ड बरोबर मध्यावर, दोन पानांच्या मधोमध, पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनने रेघ ओढून दाबा. रेघेशिवाय घडी घातली तर रंगाचा थर फुटतो. चित्रं आत राहतील अशी घडी घाला. आता पहिल्या कार्डाच्या खालच्या अर्ध्याची कोरी पाठ दुसऱ्या कार्डाच्या वरच्या अर्ध्याच्या कोऱ्या पाठीला चिकटवा, दुसऱ्याची तिसऱ्याला, असं शेवटपर्यंत. प्रत्येक पान आपोआप दुप्पट जाड होतं. सुरुवातीला आणि शेवटी एकेक कोरी पाठ उरते. मुखपृष्ठ वेगळ्या अर्ध्या कार्डावर काढून सुरुवातीच्या पाठीवर लावायचं, शेवटच्या पाठीवर परवान्याचं पान.

डिंक पातळ करू नका, पाण्याने कार्ड फुगतं आणि वाळल्यावर पन्हाळीसारखं वाकतं. फेविकॉल जुन्या एटीएम कार्डाने ओढून अगदी पातळ पसरायचा, कडेला मात्र पोचलाच पाहिजे, कारण मुलं कडेतूनच पान सोलतात. वर जाड शब्दकोश ठेवून रात्रभर दाबून ठेवा. सकाळी नाण्याची कड धरून कोपरे गोल कापा. घडीच्या बाजूला बाहेरून कापडी चिकटपट्टी लावली की काम झालं. सोळा पानांच्या पुस्तकाला आठेक कार्डं लागतात.

गिरणाकाठ
सासूबाईंसाठी शब्द नसलेली पुस्तकं आणा, किंवा कमी मजकुराच्या पुस्तकात मजकुराकडे बघूच नका म्हणावं. ‘हाई काय शे?’ असं त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं की पुढचं मुलं बघून घेतील. दोन गोष्टी सांभाळा. पुस्तक दुपारीच त्यांच्या हाती द्या, म्हणजे चित्रं आधी बघून गोष्ट मनाशी जुळवता येईल. आणि मुलांसमोर त्यांची वाक्यं प्रमाण मराठीत दुरुस्त करत बसू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाला हात लावणार नाहीत. मोठा ‘तसं नाहीये लिहिलेलं’ म्हणेलच. त्याला सांगा, हे आजीचं पुस्तक, आईचं वेगळं. त्यासाठी खरोखरच दोन-तीन पुस्तकं आजीच्या नावाची ठेवा, जी तुम्ही कधीच वाचून दाखवायची नाहीत.

शिवण
पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जून ते सप्टेंबर पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. गच्च भरलेल्या कप्प्यात वास धरतो आणि कसर लागते. पुठ्ठ्याचं पुस्तक लाळेने किंवा दुधाने भिजलं तर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पंख्यासारखीच पानं पसरून उभं करा. उन्हात ठेवलंत तर एका बाजूने आकसतं.

फाटलेल्या पानाला साधी सेलोटेप नको. दोन वर्षांत ती पिवळी पडते, डिंक बाहेर येऊन शेजारचं पान चिकटतं. धुरकट दिसणारी मॅजिक टेप त्यातल्या त्यात बरी. चांगल्या पुस्तकाला दुरुस्तीच्या पातळ टिश्यू पेपरची (हात पुसायचा नव्हे) पट्टी आणि मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घातलेली, हा जुना उपाय अजून पहिल्या नंबरचा. पण मोरचूद विषारी, त्यामुळे तुमच्या घरी साधीच खळ, तीही थोडी, लगेच संपेल इतकी करा. मध्यावरची पिन गंजली असेल तर चिमट्याने काढून टाका आणि त्याच भोकांतून जाड सुती दोऱ्याचे दोन टाके घाला, गाठ आतल्या बाजूला.

आणि फाटलेलं पुस्तक मोठ्याला सोबत घेऊनच दुरुस्त करा. टिश्यूची पट्टी धरून ठेवायला दोन हात कमीच पडतात.