शेरी नाल्याचं बिल कुणी भरायचं?

विश्रामबागकर

सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या बैठकीत परवा ठराव झाला. सांडपाणी शुद्धीकरणाची नवी केंद्रं चालवायचा खर्च पुढे घरपट्टीवर आला तर विरोध करायचा. सगळ्यांनी हात वर केले, मी केला नाही. माझं म्हणणं असं की हे पैसे आपण आजही भरतोय, फक्त पावती मिळत नाही.

सांगली पाणी पिते कृष्णेचं. नदीतून उचलायचं, माळबंगल्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करायचं, नळाला सोडायचं. त्याच नदीत शहराचं सांडपाणी शेरी नाल्यातून उतरतं. उन्हाळ्यात कोयनेतून पाणी सुटलं नाही की पात्रात धार उरत नाही, डबक्यासारखं पाणी थांबतं आणि घाण त्यातच मुरते. पाणी जितकं खराब, तितका क्लोरिन आणि तुरटी जास्त. तरीही लोकांचा भरवसा बसत नाही. माझ्या घरी दिवसाआड २० लिटरचा जार येतो, ४० रुपयांना. म्हणजे महिन्याला ६०० रुपये. शिवाय फिल्टरची वर्षाची सर्व्हिस. आणि घरात एकाला कावीळ झाली तर औषधं, तपासण्या, बुडालेला रोज, सगळं वेगळं.

हा खर्च गरिबाच्या घरी जास्त बोचतो. जार घेता येत नाही म्हणून तो नळाचंच पाणी पितो. तेव्हा मलनिःसारणाचं शुल्क घ्या, वेगळं घ्या आणि ते फक्त त्याच कामाला लावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शामरावनगरची

दादा, तुमच्या विश्रामबागेत ड्रेनेज आहे. आमच्याकडे गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट. २००१ च्या कायद्याने प्लॉट नियमित झाले, पण माझ्या गल्लीत ड्रेनेजची लाइन अजून आलेली नाही. प्रत्येक घराला सेप्टिक टँक. तो भरला की मैल्याची गाडी बोलवायची, पैसे आमचेच. पावसाळ्यात जमिनीतच पाणी भरतं, टँकमधलं खाली मुरत नाही, उलटं वर येतं. घरातलं संडास वापरता येत नाही असे दिवस मी म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन काढलेत.

आता तुम्ही म्हणता वेगळं शुल्क भरा. कशाचं? जी नळी माझ्या दारात नाही तिचं? गाडीवाल्याला एकदा देऊ आणि करात परत एकदा देऊ? नदी स्वच्छ व्हावी असं मलाही वाटतं. पण दोनदा पैसे मागणं हा अन्याय आहे.

निवृत्त वीजवाला

आकडे मांडल्याशिवाय भांडण पुढे सरकणार नाही. सगळा हिशेब ढोबळ आहे, पण अंदाज येण्यापुरता पक्का.

शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. पाच माणसांच्या घरातून दिवसाला ५४० लिटर, महिन्याला साधारण १६ हजार लिटर. हवा मारून पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात दहा लाख लिटरमागे २०० युनिटच्या आसपास वीज लागते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त त्या हवेच्या ब्लोअरलाच जाते. म्हणजे एका घरामागे महिन्याला सव्वातीन युनिट. आठ रुपयांनी धरा, २६ रुपये होतात. पगार, क्लोरिन, दुरुस्ती, गाळ उचलणं मिळून तिप्पट धरलं तरी ऐंशीच्या आत.

पंपिंगचा खर्च वेगळा. दहा लाख लिटर पाणी १० मीटर वर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ४५ युनिट. शेरी नाल्याचं पाणी उपसून धुळगावच्या शिवारात नेण्याची, तिथे तळ्यात निवळून शेतीला देण्याची जी योजना केली, तिच्यात हाच भाग भारी. तळ्यात पाणी निवळायला वीज लागत नाही, पण तळ्यापर्यंत न्यायला लागते. आणि पावसाळ्यात शेतकऱ्याला ते पाणी नकोच असतं, मग ते जाणार कुठे?

मी ३० वर्षं मोटारी आणि पॅनेल बघितले. केंद्र बांधताना कुणाला पैसे कमी पडत नाहीत, ते पाचव्या वर्षी चालवताना कमी पडतात. बांधायला केंद्र-राज्याचं अनुदान येतं. केंद्र सरकारच्या अमृत २.० योजनेत १ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्राचा वाटा एक तृतीयांश ठरला. २०११ च्या जनगणनेत आपलं सांगली-मिरज-कुपवाड शहर ५ लाख २ हजारांचं, म्हणजे याच गटातलं. पण रोजच्या विजेला अनुदान नाही. बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की नाला सरळ नदीत.

आणखी एक. २०१९ ला आयर्विनच्या पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. नदीकाठचं पॅनेल त्या रेषेच्या वर बसवलं नसेल तर दर मोठ्या पुराला नवीन घ्यावं लागेल, आणि त्याचंही बिल आपल्यालाच.

पेठेतला दुकानदार

वीजवाले काका, हिशेब मान्य. पण ऐंशी रुपये काय आणि शंभर काय, घरपट्टीत घातले की ते करयोग्य मूल्यावर बसतात. माझं दुकान पेठेत, म्हणून मूल्य जास्त. पाण्याचा वापर? दिवसाला एक घागर आणि एक फ्लश. शेजारच्या लॉजला रोज टँकर लागतो. मिरजेतल्या मोठ्या दवाखान्यांचं, मंगल कार्यालयांचं, हॉटेलांचं सांडपाणी बघा. जो जेवढं सोडतो त्याने तेवढं भरावं, ही साधी गोष्ट आहे.

आणि खोदकामाचा खर्च कुणी धरतच नाही. आमच्या रस्त्याला एका कामासाठी चर खणला तो बुजवायला चार महिने लागले. ऐन दिवाळीचं गिऱ्हाईक गेलं. फळीवरच्या पोराला मी अर्धा पगार दिला, त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शुद्धीकरणाने शहराचा फायदा होईलच, पण आज कुणाचं नुकसान होतंय ते तरी मोजा.

हरिपूरचा

तुम्ही सगळे सांगलीच्या हद्दीतले. आमची ग्रामपंचायत. तुमच्या मतदारयादीत आमचं नाव नाही, तुमच्या बजेटावर आम्हाला बोलता येत नाही, पण तुमचं पाणी आमच्या घाटावरून जातं. संगमेश्वराला श्रावणात लोक येतात, पाण्यात पाय घालावा की नको असा विचार करतात. खाली अंकलीच्या पुलाजवळ मेलेल्या माशांचा खच सगळ्यांनी पाहिलाय. नदीवर पोट असलेल्या घरांना त्यानंतर किती दिवस रोजगार नव्हता, ते कुठल्या घरपट्टीत धरणार?

शामरावनगरच्या ताईंचं दुःख खरं आहे, दुकानदारांचंही खरं आहे. पण तुम्ही आपसात ठरवेपर्यंत घाण वाहतच राहणार, आणि तिचं बिल आम्ही भरत राहणार. मळी सोडणारे कारखाने वर आहेत, ते मी विसरलो नाही. त्यांच्याकडे बोट दाखवून शहराची सुटका होत नाही.

कुपवाडकर

थोडं वेगळं सुचवतो. शुद्ध केलेलं पाणी विकता येतं. नागपूरने आपलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं, सुरतने पांडेसऱ्याच्या कारखान्यांना. आपल्याकडे मिरज-कुपवाडची एमआयडीसी आहे, जिथे थंड करायला आणि धुवायला नदीचं चांगलं पाणी वापरलं जातं. तिथे हे पाणी दिलं तर केंद्राला उत्पन्न मिळेल आणि घरांवरचा भार हलका होईल.

निवृत्त वीजवाला

कुपवाडकर, नागपूरला एकच मोठं गिऱ्हाईक होतं, रात्रंदिवस पाणी पिणारं. आपल्या छोट्या-छोट्या कारखान्यांना वेगळी पाइपलाइन टाकायची तर तिचाच खर्च आधी उभा राहतो. जमलं तर उत्तमच, पण या उत्पन्नावर विसंबून आजचं शुल्क टाळू नका.

विश्रामबागकर

शामरावनगरच्या ताई, तुमचं उत्तर वाचून मी दोन दिवस थांबलो. मी चुकलो ते इथे, की मी सगळं एकाच शुल्कात धरलं होतं. नळी वापरण्याचे पैसे वेगळे आणि नदी स्वच्छ ठेवण्याचे वेगळे, हे मान्य. जोडणी नाही त्याच्याकडून जोडणीचे पैसे घेऊ नयेत. उलट तुमच्या टँकचा मैला गाडीवाला कुठे ओततो ते बघायला हवं. तो केंद्रावर जायला हवा, कुठल्या ओढ्यात नाही, आणि केंद्रावर नेल्याचा दाखला गाडीवाल्याने दिला पाहिजे.

दुकानदारसाहेब, पाण्याच्या मीटरवर आकारणी करा, मलाही तेच योग्य वाटतं. पैसा कुठून आणायचा ते सुप्रीम कोर्टानेही २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सांगितलं होतं. स्थानिक संस्थांकडे पैसा नसेल तर जे लाभ घेतात त्यांच्याकडून तो उभा करण्याचे नियम करा. पुढे हरित लवादाने केंद्रं उभारायला उशीर केला तर दर केंद्रामागे महिन्याला १० लाखांची भरपाई ठरवली. ती भरपाई कुणाच्या खिशातून जाते? तुमच्या-माझ्याच. केंद्र चालवलं तरी पैसे जातात, नाही चालवलं तरी जातात. मला ते चालवून घालवायचे आहेत.

पण माझी एक अट आहे, ती नव्या ठरावात हवी. केंद्राचा रोजचा विजेचा आकडा आणि शुद्ध पाण्याची तपासणी वॉर्डाच्या फलकावर लागली पाहिजे. विजेचा आकडा शून्य दिसला तर त्या महिन्याचं शुल्क नाही.

पेठेतला दुकानदार

मीटर आणि फलक, दोन्ही असतील तर माझा विरोध नाही. खोदकामाच्या कराराला मुदत आणि उशिराचा दंड लावा, दंडाची रक्कम त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या करातून वजा करा. एवढं लिहून द्या, नव्या ठरावावर मीही सही करतो.

शामरावनगरची

वॉर्डाच्या फलकावर म्हणताय. आमच्या वॉर्डाचा फलक कुठे लावणार, तो पावसाळ्यात पाण्याखाली जाणार नाही ना, हे आधी ठरवा. आणि लाइन आमच्या गल्लीत कोणत्या वर्षी येणार ते त्याच फलकावर लिहा. मैल्याच्या गाडीच्या दाखल्याचं मात्र मला पटलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी गाडी आली की आपण आधी विचारू, कुठे नेतोस बाबा हे?