मदत हवी आहे: वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन, निष्कर्ष आधी सांगू की शेवटी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

मी एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. ग्राहकाकडे पोचेपर्यंत आमचा बराच माल फुटतो ही जुनी तक्रार. त्याचं कारण शोधायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं होतं. ते झालंय, आता संचालकांसमोर मांडायचंय. वेळ वीस मिनिटं, प्रश्नोत्तरं धरून.

आम्हाला जे सापडलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. खोके ठीक आहेत, रचण्याची पद्धत चुकतेय. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः चार कोपऱ्यांत आणि तिथल्या उभ्या कडांत असते. आमच्याकडे पॅलेटवर (माल ठेवायच्या सपाट फळ्यांच्या चौकटीवर) खोके विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवून रचतात, कारण तसा ढीग हलत नाही. पण त्यात वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या मधल्या भागावर येतो, म्हणजे नेमका कमजोर जागी. काही खोक्यांच्या कडा पॅलेटच्या बाहेर येतात, त्या कोपऱ्यांना तर खालून आधारच नसतो. त्यात हवा दमट असली की पुठ्ठा आणखी मऊ पडतो. कोपऱ्यावर कोपरा येईल असं रचायचं, कडा बाहेर येऊ द्यायच्या नाहीत, आणि ढीग डळमळू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची फिल्म ताणून गुंडाळायची, एवढाच उपाय आहे.

अडचण अशी की दोन संचालकांचं ठाम मत आहे की खोके जाड घ्यायला हवेत. पुरवठादाराकडून नमुनेसुद्धा मागवून झालेत.

माझ्या सध्याच्या फाइलमध्ये तीसेक स्लाइड आहेत: पार्श्वभूमी, गटातले सदस्य, कामाची पद्धत, माहिती कशी गोळा केली, निरीक्षणं, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी, आभार. एक सहकारी म्हणतो निष्कर्ष पहिल्याच स्लाइडवर टाक. दुसरी म्हणते तसं केलंस तर ते दोघं तिथेच वाद घालतील आणि पुढचं कुणी ऐकणारच नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच अडकलेय. नेटवर शोधलं तर कुठे दहा स्लाइडचा नियम, कुठे एका स्लाइडवर सातच ओळींचा नियम. यातलं खरोखर काय पाळायचं? आमच्या गटाने मन लावून काम केलंय, ते मांडणीमुळे वाया जाऊ नये असं फार वाटतं.

उंबरठा

पाऊलवाट, आधी एका प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा: बैठक संपल्यावर संचालकांनी काय करायला हवं? 'त्यांना आमचं काम समजावं' हे उत्तर नाही चालणार. 'जाड खोक्यांची ऑर्डर थांबवून एका गोदामात नवी रचना करून पाहायला परवानगी द्यावी' हे उत्तर झालं. ते वाक्य मिळालं की तीसमधल्या वीस स्लाइड आपोआप गळतील.

तुमचा आत्ताचा क्रम हा तुम्ही काम कसं केलंत त्याचा क्रम आहे. पद्धत तपासायची असते तिथे तो योग्यच, उदा. संशोधकांसमोर. निर्णय घेणाऱ्या माणसाला मात्र आधी उत्तर हवं असतं, मग त्याची कारणं, आणि लागलाच तर पुरावा. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी ही मांडणी पिरॅमिड म्हणून रूढ केली: टोकाला एक उत्तर, त्याखाली तीनचार कारणं, प्रत्येक कारणाखाली त्याचा आधार. याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. वरिष्ठांना मध्येच फोन येतो, कुणी उठून जातं, आधीची बैठक लांबते आणि तुमच्या वीस मिनिटांची आठ होतात. उत्तर शेवटी ठेवलं असेल तर ते सांगायचंच राहून जातं.

म्हणून माझं मत: निष्कर्ष आधी.

शांतरस

उंबरठा यांचं एरवी शंभर टक्के मान्य, पण इथे समोरच्यांचं मत आधीच उलटं बनलेलं आहे आणि त्यांनी नमुने मागवलेत. पहिल्याच स्लाइडवर 'जाड खोके नकोत' असं दिसलं की ते स्वतःचा निर्णय राखायला बसणार. तुमचा पुरावा मग ते ऐकतील तो खोडून काढायला.

अशा वेळी मी सगळ्यांना मान्य असलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते. 'माल फुटतो' यावर कुणाचा वाद नाही. तेव्हा पहिला प्रश्न ठेवा: नेमका कुठला माल फुटतो? तुमच्याकडे थरानुसार नोंदी असतील, तर खालच्या थरातला माल जास्त फुटतो हे चित्रच समोर येऊ द्या. पुढची स्लाइड: त्या खोक्यावर वजन कुठे पडतं? इथे एक फोटो, वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध रुतलेला. तो बघितल्यावर निष्कर्ष निम्मा त्यांच्याच तोंडून येतो. तिसऱ्या स्लाइडवर तुम्ही तो शब्दांत मांडा. म्हणजे निष्कर्ष शेवटी नाही, पण अगदी दारातही नाही. तीनेक मिनिटांत तो आलाच पाहिजे. पंधरा मिनिटं ताणून ठेवलात तर लोक अस्वस्थ होतात.

अजून एक, आणि हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. जाड खोक्याच्या पर्यायाला स्वतंत्र स्लाइड द्या आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा. जाड खोक्याने काहीच फरक पडणार नाही असं म्हणू नका, कारण ते खरं नाही. त्याने थोडा फायदा होईल, पण रचना अशीच राहिली तर वजन पुन्हा कमजोर जागीच येणार आणि जास्तीच्या ताकदीतला बराच भाग वाया जाणार. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत की त्या दोघांना मागे यायला जागा मिळते. तुमच्या सगळ्या स्लाइडांत सर्वात जास्त मेहनत मी हिच्यावर घेईन.

शक्य असेल तर त्या दोघांपैकी एकाला बैठकीच्या आधी पाच मिनिटं भेटून तो फोटो दाखवा. सगळ्यांसमोर मत बदलणं अवघड असतं.

रेघोटी

मांडणीबद्दल वर छान आलंय, मी स्लाइडबद्दल लिहितो.

आधी नियमांचं. दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंटचा फाँट हे सूत्र गाय कावासाकी यांचं. ते गुंतवणूकदारांसमोर व्यवसायाची कल्पना मांडणाऱ्यांसाठी होतं. त्यातला मोठ्या अक्षरांचा आग्रह कुठेही घ्या, स्लाइडच्या आकड्यात अडकू नका. सात ओळींच्या नियमामागे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातला सात हा आकडा चिकटवला जातो. तो लेख होता माणूस एका दमात किती गोष्टी लक्षात ठेवू शकतो याबद्दल. पडद्यावरच्या ओळी कुणी पाठ करत नाही, त्या समोरच असतात. तिथला प्रश्न वेगळा आहे: लोक वाचत असताना तुमचं ऐकू शकत नाहीत. रिचर्ड मेयर यांनी शिकण्याच्या मानसशास्त्रात यावर बरंच काम केलंय. चित्र आणि त्यासोबत बोलणं यातून माणूस चांगलं शिकतो; तेच बोलणं अक्षरशः पडद्यावरही लिहिलं तर उलट अडथळा होतो. म्हणजे सात ओळी असोत की चार, त्या जर तुम्ही वाचूनच दाखवणार असाल तर दोन्ही सारख्याच.

आता तुमची एक स्लाइड डोळ्यांसमोर आणतो. माझा अंदाज, शीर्षक असेल 'नुकसानीचे विश्लेषण'. खाली सातआठ रंगांचा पाय चार्ट (गोल चकतीचे तुकडे पाडलेला आलेख), बाजूला रंगांची यादी, त्याखाली चार बुलेट. बघणाऱ्याची नजर यादी आणि चकती यांच्यात येरझारा घालते आणि तुमचा मुद्दा त्यालाच शोधावा लागतो.

शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्य लिहा: 'फुटलेला निम्म्याहून जास्त माल सर्वात खालच्या थरातला आहे' (तुमच्या नोंदी तसं सांगत असतील तरच). त्याखाली आडव्या पट्ट्यांचा आलेख, एका थराला एक पट्टी, खालचा थर तळाला आणि वरचा थर वर, म्हणजे गोदामात जसा ढीग दिसतो तसाच. सगळ्या पट्ट्या करड्या, फक्त तळाची गडद. आकडा पट्टीच्या टोकाशीच लिहा. रंगांची यादी, मागच्या रेषा, चौकट सगळं काढून टाका. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की एकाच रेषेवरून मोजलेल्या लांब्यांची तुलना माणूस कोनांपेक्षा अचूक करतो. पाय चार्टमधले जवळपास सारखे तुकडे म्हणूनच ओळखू येत नाहीत.

वाक्याचं शीर्षक आणि खाली त्याचा दिसणारा पुरावा ही पद्धत मायकेल अ‍ॅली यांनी शास्त्र आणि अभियांत्रिकीच्या लोकांसाठी मांडली. माझ्या मते प्रेझेंटेशनबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर ही. शीर्षकात क्रियापद आलं की स्लाइडवर काय ठेवायचं आणि काय नाही हे तेच ठरवतं. वाक्य जमत नसेल तर त्या स्लाइडला मुद्दाच नाही असं समजा.

किरकोळ: लाल आणि हिरवा यांच्या फरकावर काही अवलंबून ठेवू नका, तो फरक न दिसणारे पुरुष जवळपास प्रत्येक मोठ्या बैठकीत असतात. देवनागरी मजकुराला ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आणि युनिकोड फाँटच वापरा, दुसऱ्याच्या संगणकावर जुन्या फाँटची अक्षरं बदलून जातात.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल बाजूला ठेवून आधी फक्त शीर्षकं लिहिली. क्रम शांतरस यांचा, निर्णयाचं वाक्य उंबरठा यांच्या सांगण्याप्रमाणे:

फुटणारा माल मुख्यतः सर्वात खालच्या थरातला आहे. तिथे वरचं वजन खोक्याच्या कोपऱ्यांवर न पडता मधल्या भागावर पडतं. म्हणून खोक्यापेक्षा रचना आधी बदलायला हवी. जाड खोक्याने नुकसान थोडं कमी होईल, पण कारण तसंच राहील. कोपऱ्यावर कोपरा रचून वर फिल्म गुंडाळली की ढीग स्थिरही राहतो. एका गोदामात महिनाभर चाचणीला परवानगी हवी आहे. तोवर नव्या खोक्यांची ऑर्डर थांबवावी.

एवढंच उरलं! नुसती शीर्षकं आईला वाचून दाखवली, तिला कारखान्यातलं काही ठाऊक नसूनही मुद्दा कळला.

आता पुढचा पेच. आमच्या साहेबांना ही फाइल बैठकीनंतर सगळ्यांना मेलवर पाठवायची आहे आणि ते म्हणतात, 'सगळे तपशील स्लाइडमध्येच हवेत, न आलेल्या माणसालाही कळलं पाहिजे.' त्यांचं म्हणणंही चूक नाही. काय करू?

उंबरठा

वा, शीर्षकं उत्तम झालीत. तिसऱ्या मिनिटाला निष्कर्ष येतोय, माझी हरकत नाही.

साहेबांची गरज खरी आहे, पण त्यासाठी वेगळी वस्तू लागते. बोलणाऱ्या माणसाच्या मागे दिसायची स्लाइड आणि एकट्याने बसून वाचायचा कागद या दोघांची कामं निराळी. एकच फाइल दोन्हीकडे वापरली की बैठकीत ती वाचता येत नाही आणि मेलवर ती पुरत नाही.

याचं सर्वात गंभीर उदाहरण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचं आहे. २००३ मध्ये यान अवकाशात असताना, उड्डाणाच्या वेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याने किती नुकसान झालं असेल यावर अभियंत्यांनी स्लाइड केल्या. त्यातल्या एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांतलं शीर्षक दिलासा देणारं होतं. आदळलेला तुकडा चाचण्यांतल्या तुकड्यांपेक्षा प्रचंड मोठा होता, सुमारे १९२० घन इंच विरुद्ध ३ घन इंच, ही गोष्ट अगदी तळाच्या उपमुद्द्यात गेली होती. परतताना यान नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची ओळ न् ओळ तपासली, आणि चौकशी मंडळानेही तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर स्पष्ट टीका केली.

तेव्हा साहेबांना सांगा: सात स्लाइड बैठकीसाठी, आणि सोबत दोन पानांची टिपण, पूर्ण वाक्यांत. पद्धत, नोंदी कशा घेतल्या, थरांचे आकडे, दमटपणाचा मुद्दा सगळं तिथे. मेलवर तेच जाईल. वेगळा कागद मान्य नसेल तर तुम्ही जे बोलणार ते प्रत्येक स्लाइडच्या नोट्समध्ये लिहा आणि नोट्ससह पीडीएफ काढा. पडदा मोकळा राहतो आणि न आलेल्या माणसाला वाचायला मजकूर मिळतो.

शांतरस

टिपण बैठकीच्या आधी वाटू नका, सगळे मान खाली घालून तेच वाचत बसतील. आधी वाटायचीच असेल तर सुरुवातीची पाच मिनिटं वाचायला द्या आणि तोवर शांत राहा.

गळलेल्या स्लाइड पुसूनही टाकू नका. शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवा आणि त्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट ती स्लाइड उघडते. कुणी विचारलं 'नोंदी किती दिवसांच्या?' तर उत्तर लगेच पडद्यावर. आणि जाड खोक्यावर चर्चा पेटली तर 'बी' दाबा, पडदा काळा होतो आणि सगळे एकमेकांकडे बघून बोलतात. त्या वेळी दोन रिकामे खोके टेबलावर असतील तर फारच छान: एक कोपऱ्यावर कोपरा ठेवून, दुसरा सरकवून, हाताने दाबून बघू द्या.

पाऊलवाट

खोके न्यायचं डोक्यातच आलं नव्हतं, नक्की नेते. साहेबांना दोन पानांचं पटलंय, पण सुरुवातीची पाच मिनिटं वाचायला देणं वेळेत बसणार नाही, म्हणून टिपण नंतरच वाटू. फोटो मात्र उद्या पुन्हा काढणार आहे; आत्ताच्या फोटोत मागच्या रॅकची गर्दी इतकी आहे की रुतलेला कोपरा शोधावा लागतो. बैठक झाली की इथेच लिहीन.