थडग्यातला सेनेतचा पट: खेळ की परलोकाची वाट?

सोंगटी:
प्राचीन इजिप्तच्या खेळांबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: ‘सेनेत हा नुसता खेळ नव्हता, तो आत्म्याचा परलोकातला प्रवास होता.’ मला हे अजिबात पटत नाही. का, ते मांडतो. तुमची मतं वाचायला आवडतील.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तीन ओळी, प्रत्येकीत दहा घरं, एकूण ३०. खेळणारे दोघं. दान पाडायला उभ्या चिरलेल्या काड्या, एक बाजू सपाट, एक गोलसर. आपण फोडलेले चिंचोके टाकून दान मोजतो, तसंच. पुढे प्राण्यांच्या सांध्याची हाडंही वापरात आली. मूळ नियम कुठेच लिहिलेले सापडलेले नाहीत. आज ‘सेनेत’ म्हणून विकत मिळतं त्याचे नियम आजच्या लोकांनी अंदाजाने बसवलेले आहेत.

आता मुद्दा. इजिप्तमधल्या सक्कारा या जुन्या दफनभूमीत हेसी-रे नावाच्या अधिकाऱ्याचं थडगं आहे, इ.स.पू. २६५० च्या आसपासचं. त्याच्या भिंतीवर सेनेतचा पट रंगवलाय, शेजारी सापाच्या वेटोळ्याचा मेहेन हा खेळही. पण कशांच्या पंक्तीत? पलंग, खुर्च्या, पेट्या, मापं यांच्या! म्हणजे मेलेल्या माणसाबरोबर जायचं घरचं सामान. पलंग ठेवला तर तो झोपायला, आणि पट ठेवला की लगेच अध्यात्म, हा न्याय कुठला? त्यानंतरच्या ‘जुन्या राज्यातल्या’ (पिरॅमिड बांधले तो काळ) थडग्यांतही दोन माणसं समोरासमोर बसून खेळताना दिसतात आणि त्याच भिंतीवर गाणं-बजावणं, नाच चाललेला असतो. ती जिवंत माणसांची मजा आहे.

नाईलकाठ:
पूर्ण असहमत. तुम्ही जुन्या राज्यापाशीच थांबलात. नेफर्तारी राणीचं थडगं बघा. फेरो (इजिप्तचा राजा) रामसेस दुसरा याची राणी. १९०४ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ स्कियापारेल्ली यांनी ते शोधलं. चित्रात राणी पटासमोर बसली आहे आणि समोर कोणीच नाही. ती कोणाशी खेळतेय? हे चित्र ‘मृतांच्या ग्रंथा’तल्या (मृताला परलोकात उपयोगी पडावेत म्हणून लिहिलेले मंत्र) १७ व्या अध्यायाबरोबर येतं. शिवाय त्या काळच्या पटांवर शेवटच्या पाच घरांत खुणा असतात. २७ वं घर पाण्याचं, म्हणजे सोंगटी बुडायची जागा. ३० व्यावर होरस हा देव. मरणानंतर पाणी ओलांडून देवापाशी पोचायचं, हे त्या लाकडावरच कोरलंय. अजून काय पुरावा हवा?

सोंगटी:
१७ व्या अध्यायाचा मथळा तुम्ही वाचलाय का? त्यात मृताला काय काय करता येईल ते सांगितलंय: हवं ते रूप घेणं, सेनेत खेळणं, मंडपात बसणं, जिवंत ‘बा’ (आत्म्याचं एक रूप) होऊन बाहेर येणं. मंडपात निवांत बसणं आणि सेनेत खेळणं शेजारीशेजारी आहेत. जी सुखं जिवंतपणी होती ती पुढेही मिळावीत, एवढंच मागणं आहे हे. पाण्याच्या घराचं म्हणाल तर सोंगटी अडकवणारं घर कुठल्या खेळात नसतं?

उन्हाळी_दुपार:
मला वाटतं दोघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या शतकांबद्दल बोलताय. हेसी-रे आणि नेफर्तारी यांच्यात जवळपास १४०० वर्षं आहेत! एवढ्या काळात खेळाला नवा अर्थ चिकटला नसता तरच नवल.

नाईलकाठ:
चिकटला म्हणता ना? मग तो अर्थ खराच. नव्या राज्याच्या (नेफर्तारीचा काळ यातलाच) शेवटच्या टप्प्यात तर एक अख्खा मजकूर मिळतो, ज्यात खेळणारा घराघरांतून पुढे सरकतो, प्रतिस्पर्ध्याला हरवतो आणि देवांमध्ये जागा मिळवतो. तो पपायरसवर आहे आणि देर अल-मदीना या थडगी बांधणाऱ्या कारागिरांच्या गावातल्या इनहेरखाऊच्या थडग्यातही आहे. लोक हे मानत होते. आपल्याला ते ‘नंतरचं’ वाटतं म्हणून त्यांची श्रद्धा उणी होत नाही.

आणि मेहेनचं काय? मेहेन हा सूर्यदेवाभोवती वेटोळं घालून त्याला जपणारा नागदेव. त्याच्याच नावाचा, त्याच्याच आकाराचा पट. तिथे खेळ आणि देव वेगळे कसे काढणार?

काळीमाती:
मेहेनबद्दल एक दुरुस्ती. सापाचे दगडी पट फार जुने आहेत, पहिल्या राजवंशाच्याही आधीपासूनचे. देव म्हणून मेहेनचा लेखी उल्लेख मात्र मध्य राज्यातल्या (जुन्या आणि नव्या राज्याच्या मधला काळ) शवपेट्यांवरच्या मंत्रांत येतो, आणि तोवर खेळ जवळपास बंदच पडला होता. देवावरून खेळ निघाला असं छातीठोकपणे म्हणायला हा क्रम आड येतो.

सगळी चर्चा सेनेतभोवती फिरतेय याचं मला वाईट वाटतं. माझा सगळ्यात आवडता पट म्हणजे ‘कुत्री आणि कोल्हे’. इजिप्तमधल्या थीब्ज या प्राचीन शहरात रेनीसेनेबच्या थडग्यात उत्खनन करणाऱ्या कार्टर आणि कार्नार्व्हन यांना १९१० मध्ये मिळालेला, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हस्तिदंत आणि लाकूड, पायांना बैलाच्या पायांचा आकार. वर ५८ भोकं, मधोमध खजुराचं झाड कोरलेलं. भोकांत खोचायच्या काड्या हीच सोंगटी: पाच काड्यांना कुत्र्याची तोंडं, पाचांना कोल्ह्याची, आणि त्या ठेवायला खाली खण. काही भोकं रेषांनी जोडलेली, म्हणजे तिथून थेट पुढे उडी. खण कोणी का करवून घेतो? खेळून झाल्यावर काड्या हरवू नयेत म्हणून!

हाच खेळ मेगिद्दोला (आजच्या इस्रायलमध्ये) मिळतो, मेसोपोटेमियातही (आजचा इराक) मिळतो. सेनेतसारखे पट सायप्रसमध्ये दगडांवर कोरलेले शेकड्यांनी आहेत. तिथले लोक ओसायरिस या इजिप्तच्या मृतांच्या देवाच्या दारात जायला खेळत नव्हते.

नाईलकाठ:
सायप्रसचे लोक ओसायरिसला मानत नव्हते, मान्य. पण इथे प्रश्न इजिप्तमधल्या थडग्यांचा आहे. खेळ बाहेर गेला तेव्हा त्याचा धार्मिक अर्थ मागे राहिला असेल.

उन्हाळी_दुपार:
ब्रिटिश संग्रहालयातला तो पपायरस आठवला, सिंह आणि हरिण पट मांडून बसलेत. तो रामसेस राजांच्याच काळातला, म्हणजे नाईलकाठ म्हणतात त्या श्रद्धेच्या ऐन भरातला. त्याच काळात कोणीतरी त्याच खेळाची अशी थट्टा रंगवतोय. मला हे फार मोलाचं वाटतं.

सोंगटी:
नेमकं! आणि तुतनखामून या तरुण राजाचं बघा. त्याच्या थडग्यात एकाहून जास्त पट आहेत. मोठा आबनुसी पट तर असा की वरच्या अंगाला सेनेतची ३० घरं आणि उलटा केला की २० घरांचा दुसराच खेळ, जो पश्चिम आशियातून आलेला. परलोकात जायला ३० घरांची वाट लागत असेल, तर पाठीमागचा परका खेळ कशाला बरोबर दिला? विशीसुद्धा न गाठलेला मुलगा होता तो. त्याला दोन्ही आवडत असणार.

नाईलकाठ:
‘आवडत असणार’ हा तुमचा अंदाज आहे, पुरावा नाही. मी नेफर्तारीच्या समोरची रिकामी जागा सोडायला तयार नाही. तिथे कोण बसलंय ते सांगा, मग पुढे बोलू.