भाऊ झोपत नाही पण दमत पण नाही, हे बायपोलर असंल काय?

खानापूरची ताई:
नमस्कार. धाकटा भाऊ, वय २६. मागच्या पावसाळ्यात दोन महिने नुसता अंथरुणात पडून, आंघोळ नको जेवण नको, गणपतीला पाव्हणे आले तरी खोलीतनं भायेर आला नाही, मेलो तर बरं असं पण एकदा आईला म्हणाला. एका डॉक्टरनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, बरा झाला. आता दहा दिवस झाले सगळं उलटं. रात्री दोन तास झोपतोय आणि पहाटे तीनला उठून गोठा धुवूलालाय, बोलणं इतकं फास्ट की मधे शब्द घालता येत नाही, काजूची फॅक्टरी घालतो म्हणून आईची चेन गहाण टाकली, अडवलं की अंगावर येतोय. असा नव्हता ओ तो. आई म्हणती बाहेरचं आहे, सौंदत्तीला जाऊन येऊया. पण आता तो उदास नाही ना, मग बायपोलर कसं म्हणायचं?

शहापूरचा विणकर:
ताई, मी स्वतः ११ वर्षं बायपोलरच्या, म्हणजे कधी उदासी तर कधी अशी तेजी आणणाऱ्या आजाराच्या गोळ्या खातोय. झोप बघा. काळजीनं झोप उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातोय, आमचं तसं नसतंय, दोन तासात उठलो तरी अंगात मावत नाही इतका जोर. मला वाटायचं आता कुठं मी खरा बरा झालो. त्याच भरात दोन माग विकून टाकले, उधारीवर गाडी घेतली. उदास असताना दवाखान्यात गेलो पण तेजीत कोण जातंय? डॉक्टरला अर्धीच गोष्ट कळली आणि पाच वर्षं डिप्रेशन समजून गेली. तुम्ही मागचे दोन महिने आणि आताचे दहा दिवस दोन्ही सांगा, एकत्र.

निपाणी सिस्टर:
नर्स आहे म्हणून विचारते, डिप्रेशनच्या गोळ्या अजून चालू आहेत काय? बायपोलर असला आणि नुसत्या त्याच गोळ्या चालल्या तर काहीजणांत मॅनिया, म्हणजे ही तेजी, उसळतो. मनानं बंद करू नका, पण आजच डॉक्टरला फोन करा. अशी तेजी आठवडाभर टिकली की मॅनियाचा विचार करतात, सौम्य असली तर चार दिवसांची पण धरतात, तिला हायपोमॅनिया म्हणतात. थायरॉइड, दारू, गांजा, स्टेरॉइड यांनी पण असं दिसू शकतं, म्हणून तपासणी लागते, आपण घरात बसून नाव ठेवायचं नाही. नात्यात कुणाला असलं काही होतं काय ते पण आठवा.

कॅम्पातला काका:
देवीला नंतर जावा, आधी मानसोपचारतज्ज्ञ. धारवाडला डिमहान्स, मानसिक आजारांचा दवाखाना, सरकारीच आहे. रात्री हाताबाहेर गेला तर १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या आजारासाठी सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास फुकट, भाषा निवडता येते. गाडीची चावी, एटीएम कार्ड गोडीगुलाबीनं तुमच्याकडं घ्या, वाद घालू नका. आणि मेलो तर बरं म्हणाला होता ते डॉक्टरपासून लपवू नका, तेजी उतरली की माणूस खाली आदळतोय, तेव्हा एकटं सोडायचं नाही.

खानापूरची ताई:
गोळ्या चालूच आहेत ओ सिस्टर, आता डॉक्टरना फोन केला, ते पण धारवाडला न्या म्हणाले. आणि थोरला मामा असाच होता, वर्षातनं एकदा घर सोडून जायचा, आम्ही त्याला लहरी म्हणत होतो. भावाला फक्त झोपेसाठी दाखवूया म्हटलं तर येतो म्हणाला. उद्या पहिल्या बसनं निघतोय, झोपेचे तास वहीत लिहून घेतलेत.